वीस टिंबांचं नाव

पुणे-दौंड शटलने मी सतरा वर्षं ये-जा केली. मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, मग केडगाव. पुढे कडेठाण आणि पाटस. माझी शाळा पाटसच्या बाजूला. केडगाव आलं की मी तपासत असलेल्या वह्यांचा गठ्ठा पिशवीत कोंबायचे, म्हणजे आता उतरायची तयारी. त्या स्टेशनाशी माझा एवढाच संबंध. पिवळ्या पाटीवरचं ते काळं नाव रोज दोनदा डोळ्यांखालून जायचं.

‘रमाबाईंचं केडगाव’ हे ठाऊक होतं. शाळेत धडा होता. घरी पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की आजी म्हणायची, “फार विदुषी हो,” आणि जरा थांबून, “पण बाटल्या.” त्या ‘पण’नंतर बोलणं संपायचं. मनोरमा हे त्यांच्या मुलीचं नाव तर आमच्या घरात कधी उच्चारलंच गेलं नाही. धड्यातही ते कुठेतरी अर्ध्या ओळीत असावं, मला आठवत नाही.

ते मला मिळालं माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे.

पाचवीत आली तेव्हा तिला फक्त संध्याकाळी कमी दिसायचं. दृष्टिपटलाचा आजार होता, हळूहळू वाढणारा. सहावीत तिला पहिल्या बाकावर बसवलं, जाड स्केचपेनने मोठमोठ्या अक्षरांत तिच्यासाठी वेगळी वही लिहिली. सातवीत ती वही नाकाला लावून वाचायची, आणि एक दिवस वही मिटून म्हणाली, “बाई, तुम्ही नुसतं वाचा, मी ऐकते.” ऐकून ती सगळं पाठ करायची, परीक्षेत लेखनिक घेऊन मार्कही मिळवायची. पण मला ते ऐकणं खुपायला लागलं. हिला स्वतःचं स्वतः वाचता यायला हवं. कुणी वाचून दाखवायला मोकळं असेल तेव्हाच वाचायचं, याला वाचन म्हणत नाहीत. ब्रेल पुस्तकांसाठी अर्ज केले. ती आली तेव्हा शैक्षणिक वर्ष संपत आलं होतं. फिरत्या विशेष शिक्षिका पंधरा दिवसांतून एकदा यायच्या, त्यांच्याकडे अशा कितीतरी शाळा. म्हणून मी ठरवलं की आपणच शिकायचं. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते.

ब्रेल म्हणजे सहा टिंबांची एक चौकट. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. यातली कुठली टिंबं उठवायची आणि कुठली सोडायची, त्यावर अक्षर ठरतं. असे त्रेसष्ट आकार होतात. लिहायला स्लेट आणि स्टायलस. स्लेट म्हणजे बिजागरीची दुहेरी पट्टी, तिच्यात जाड कागद अडकवायचा आणि स्टायलसने एकेक टिंब टोचायचं. सुरुवातीला मला घाम फुटायचा तो दुसऱ्याच गोष्टीने. टोचलेलं टिंब कागदाच्या पलीकडच्या बाजूला उठतं. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षरही उलटं. मग कागद काढायचा, पालटायचा, की ते डावीकडून उजवीकडे सुलटं वाचता येतं. म्हणजे लिहिताना आपण काय लिहितोय हे आपल्याला दिसत नाही. जो वाचणार, त्याच्या बाजूने ते उमटत असतं.

मी शिकले ते डोळ्यांनी. डोळस माणूस सहसा ब्रेल बोटांनी वाचत नाही, टिंबं बघतो. ती मुलगी मात्र महिन्याभरात बोटांनी शिकली. माझ्या पुढे गेली.

त्याच दिवसांत एकदा त्या विशेष शिक्षिका माझ्याबरोबर शटलने परत निघाल्या होत्या. केडगाव आलं. खिडकीकडे बोट करून त्या सहज म्हणाल्या, “इथे शंभर वर्षांपूर्वी ब्रेल शिकवत होत्या, ठाऊक आहे? रमाबाईंची मुलगी शिकवायची.” गाडी सुटली. मी पहिल्यांदाच त्या पाटीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

नंतर जे सापडेल ते वाचलं. रमाबाईंचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन नावाच्या एका इंग्लिश जोगिणीने जमवून ठेवला होता, तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापला. मूळ पत्रं इंग्रजीत. ते पुस्तक मी शब्दकोश मांडीवर ठेवून दोन उन्हाळ्याच्या सुट्यांत वाचलं. वाचताना दोन विदुषी बायकांच्या वादामध्ये एक लहान मुलगी उभी दिसते. तिला कुणी काही विचारत नाही. दोघींचाही तिच्यावर जीव आहे.

ती मनोरमा. जन्म १६ एप्रिल १८८१. वडील बिपिनबिहारी मेधावी बंगाली वकील. त्यांनी आणि रमाबाईंनी जात बाजूला ठेवून नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. मुलगी व्हावी ही आईचीच इच्छा, आणि झाली म्हणून नाव मनोरमा. दहा महिन्यांची असताना वडील पटकीने गेले. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेले होते, भाऊही गेला होता. त्यामुळे बिपिनबिहारी गेल्यावर रमाबाईंना रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस उरलं, आणि ते अजून पाळण्यात होतं.

१८८३ च्या एप्रिलमध्ये त्या इंग्लंडला निघाल्या तेव्हा मनोरमा नुकती दोन वर्षांची झाली होती. वाँटेज गावी सेंट मेरीच्या जोगिणींचा मठ, तिथे दोघी राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी दोघींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई वैद्यकीय शिक्षण घ्यायला गेल्या होत्या, पण त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून तो विचार सोडावा लागला. मग त्या शिक्षणाकडे वळल्या. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्याही आणि तिथे संस्कृत शिकवूही लागल्या. मनोरमाला सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे ठेवलं. ती त्यांना ‘आजीबाई’ म्हणायची. रमाबाईही पत्रात त्यांना आजीबाई म्हणूनच लिहू लागल्या. इंग्रजी पत्रांच्या मायन्यात हा आपला शब्द रोमन अक्षरांत अचानक समोर येतो, तिथे मी दर वेळी थांबते.

वाद होता तो या मुलीच्या धर्मशिक्षणाचा. आजीबाईंना वाटायचं, मुलीला चर्चची सगळी शिकवण जशीच्या तशी लहानपणीच द्यावी. रमाबाई म्हणत, मी ख्रिस्ताला मानते, पण जे मला स्वतःला विचार करून पटलेलं नाही ते माझ्या मुलीला घोकवू नका, ती मोठी झाली की तिचं ती ठरवेल. दुसरीही काळजी होती. मुलगी इंग्लंडात वाढून परकी होईल, आपण हिंदुस्थानच्या आहोत हे सांगायला तिला संकोच वाटेल, ते होता कामा नये, असं त्या बजावतात. रमाबाई जन्मभर शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेलं पक्वान्नसुद्धा घेत नसत आणि त्यावरून मठात कुरबुर होई. हे सगळं वाचताना मला आमच्या आजीचा तो ‘पण’ आठवायचा. बाटल्या म्हणजे नेमकं काय झालं होतं? श्रद्धा बदलली होती. माणूस तेच होतं, आपलंच.

पुढे आई अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देत हिंडत होती. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींना डॉक्टर होताना आईने पाहिलं, बालवाडीची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. त्या काळात मुलीचा बराच काळ पुन्हा वाँटेजच्या सिस्टरांकडे गेला. मला इथे रमाबाईंना दोष द्यायचा नाही. पण मी स्वतः माझं लेकरू शेजारच्या काकूंकडे सोडून सहा चाळीसची शटल पकडलेली बाई आहे. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी आपलं मूल दुसऱ्याच्या हाती देताना पोटात काय होतं, ते मला ठाऊक आहे. माझं मूल संध्याकाळी सहाला परत माझ्या कुशीत असायचं. त्यांच्या मध्ये समुद्र होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. आरंभी दोन मुली. त्यातली विधवा गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली, आनंदीबाई कर्वे, सगळ्यांची बाया. पुढल्याच वर्षी शाळा पुण्यात आली. १८९३ चा तो मोठा वाद पुण्यातल्या कुठल्याही अभ्यासकाला पाठ असतो. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, केसरीने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. कारण काय, तर रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थनेला बसत, दार उघडं असे, आणि इतर मुली आपणहून आत येऊन बसत. दार लावून घ्या, असं लोकांचं म्हणणं. दार लावणार नाही, आणि कुणी आलं तर हाकलणार नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. त्या खोलीत आईशेजारी बसलेली मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या डोळ्यांदेखत मैत्रिणींच्या ट्रंका टांग्यावर चढल्या असतील. त्या वादावर पानंच्या पानं लिहिली गेली. त्या बारा वर्षांच्या मुलीला काय वाटलं, ते त्यातल्या कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावरच्या मुली, पोरक्या, विधवा, गोळा करून आणू लागल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले होते. केडगावला आधीच घेतलेली जमीन होती, तिथे तंबू आणि छपरं उभी राहिली. त्याचंच पुढे मुक्ती सदन झालं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुलींची आणि बायकांची संख्या हजाराच्या पुढे गेली. हजार पोटं, हजार अंथरुणं, आणि शिकवायला माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मनोरमा तेव्हा न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टर शहराजवळच्या चेसब्रो सेमिनरीत शिकत होती. १९०० च्या सुमारास ती परत आली. आता ती एकोणीस-वीस वर्षांची. येताना ती ब्रेल शिकून आली होती.

माझं मन सगळ्यात जास्त इथे अडतं. विशीच्या आतली, परदेशात शिकणारी मुलगी. तिच्यासमोर शिकण्यासारखं काय नव्हतं? तिने सहा टिंबांची ही लिपी का शिकून घ्यावी?

त्याचं उत्तर दुष्काळातच आहे. पोट दीर्घकाळ रिकामं राहिलं की शरीरातलं अ जीवनसत्त्व संपतं. आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडं पडतं, मऊ होतं आणि फुटतं. लहान मुलांत हे काही दिवसांतही होतं. त्यात देवीची साथ, तीही डोळे नेणारी. दुष्काळातून जी मुलं वाचतात, त्यांतली काही अशी आंधळी होऊन वाचतात. केडगावला आलेल्या त्या गर्दीत अशा मुली होत्या. आईला त्या मुली दिसल्या. लेकीने त्यांच्यासाठी अक्षरं आणली. आईला नीट ऐकू येत नव्हतं, आणि लेक शिकवत होती ज्यांना दिसत नाही त्यांना. या दोघींच्या स्वयंपाकघरात, व्हरांड्यात रोजचं बोलणं कसं चालत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

अंध मुलींच्या त्या घराला नाव दिलं बार्तिमी सदन. मार्कच्या शुभवर्तमानात बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी आहे. येशू रस्त्याने जातोय हे कळल्यावर तो मोठ्याने हाका मारायला लागतो, लोक त्याला गप्प बस म्हणून दटावतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? मला ही गोष्ट फार आवडते ती या प्रश्नासाठी. समोर आंधळा उभा आहे, त्याला काय हवं असणार हे जगाला दिसतंय, तरी विचारलं जातं. मी ख्रिस्ती नाही. पण वर्गात एखादं मूल रडत असलं की आपण मोठी माणसं लगेच ठरवून टाकतो त्याला काय हवं ते, आणि हा प्रश्न राहून जातो.

आपल्याकडे मिशनच्या शिक्षिकांबद्दल लिहिताना त्यांचा धर्म हळूच बाजूला काढायचा आणि मग उरलेल्याला ‘समाजकार्य’ म्हणायचं, अशी एक सवय आहे. चांगल्या हेतूने करतात लोक, पण ते खरं नाही. मनोरमाबाई त्या मुलींना ब्रेल शिकवत होत्या ते त्यांना शुभवर्तमान स्वतःच्या बोटांनी वाचता यावं म्हणूनसुद्धा. ती श्रद्धा काढून घेतली तर पहाटे उठून अंध मुलीचं बोट धरून टिंबावर ठेवणाऱ्या त्या बाई मला कळणारच नाहीत. मला त्या पूर्ण हव्यात, प्रार्थनेसकट.

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली, अ‍ॅनी शार्प यांनी काढलेली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० च्या सुमारास काढली. म्हणजे केडगावात ब्रेल आलं ते देशात त्याची जेमतेम सुरुवात होती तेव्हा. आणि आपल्या भाषांसाठी एकच एक ब्रेल नव्हतं. इथे एक पद्धत, तिथे दुसरी. सगळ्या भारतीय भाषांसाठी मिळून भारती ब्रेल ठरलं ते १९५१ साली. मला सरकारने छापलेला तक्ता मिळाला, भिंतीला लावला आणि पाठ केला. मनोरमाबाईंच्या हाती असली सोय नव्हती. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी शिकून आलेली लिपी मराठी बोलणाऱ्या, गुजराती बोलणाऱ्या, कधीच शाळेत न गेलेल्या मुलींपर्यंत न्यायची होती. ‘ळ’ कसा लिहायचा, जोडाक्षर कसं फोडायचं, मात्रा आधी की नंतर, हे प्रश्न मला तक्ता समोर असतानाही छळायचे.

आणि मुलींची बोटं. ब्रेल शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, पहिला प्रश्न बोटांचा असतो. माझ्या विद्यार्थिनीची बोटं तेरा वर्षांच्या मुलीची होती, तरी भांडी घासून, कापूस वेचून टोकं जाड झालेली. सुरुवातीला तिला दोन टिंबं आणि तीन टिंबं यांत फरकच लागायचा नाही. ती नख लावून बघायची. मग आम्ही रोज रात्री बोटांना खोबरेल लावायचं ठरवलं, आणि मी तिला मोहरी व राजगिरा वाटीत मिसळून निवडायला द्यायचे. केडगावच्या मुली तर दुष्काळात माती खणून, दगड फोडून आलेल्या. अशा हाताला अक्षर लागायला किती दिवस गेले असतील? तेवढे दिवस शेजारी बसून राहायचं, हेच शिकवणं. तिथल्या अंध मुली दळण दळायला, टोपल्या विणायलाही शिकल्या, आणि वाचायला शिकलेल्यांतल्या काही इतरांना शिकवू लागल्या. हे शेवटचं वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

बार्तिमी सदन हा मनोरमाबाईंच्या कामाचा एक भाग. त्या शारदा सदनाच्या मुख्याध्यापिका होत्या. मदत गोळा करायला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाऊन आल्या. स्वतः मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. १९१२ च्या सुमारास निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींसाठी ख्रिस्ती हायस्कूल निघालं, ते उभं करण्यात त्यांचा हात होता. त्यांनी लग्न केलं नाही. हे सगळं मी एका परिच्छेदात उरकते आहे, कारण छापलेल्या नोंदींत ते तेवढंच येतं. शाळा चालवणाऱ्या बाईचं आयुष्य नोंदीत मावत नाही, हे मला आतून ठाऊक आहे. हजेरीपट. कोण तापाने पडलीय. कुणाचं मन लागत नाही. कुणाला न्यायला अचानक काका आलाय. शिक्षिका दोन, वर्ग पाच. तेल संपलं. यातलं कुठलंच चरित्रात येत नाही, आणि दिवस सगळा याचाच असतो.

रमाबाईंनी या काळात बायबलचं भाषांतर हाती घेतलं होतं. मूळ हिब्रू आणि ग्रीक त्या पन्नाशीच्या आसपास शिकल्या. संस्कृतच्या पंडिता, पण भाषांतरातून त्यांनी जड संस्कृत शब्द हटवले, साधी मराठी वापरली, खेड्यातल्या बाईला कळेल अशी. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला मुलीच होत्या. आईला पंधरा-सतरा वर्षं त्या भाषांतरात इतकं बुडून राहता आलं, याचं एक कारण बाहेरची शाळा लेक सांभाळत होती हे असणार, असं मला वाटतं. मोठ्या कामांच्या मागे असं एक माणूस असतं, ज्याच्यामुळे दार वाजत नाही.

१९२० च्या सुमारास रमाबाई थकल्या. आपल्यामागे मुक्तीचं सगळं मनोरमा पाहील असं त्यांनी ठरवलं. ते सहज होतं. ती चाळिशीची, शिकलेली, सगळ्या मुलींची ओळखीची. पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईच गेल्या. चाळीस वर्षांच्या होत्या. पुढे नऊ महिनेही झाले नाहीत तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. बायबलची शेवटची मुद्रितं त्यांनी अगदी अखेरच्या दिवसांत तपासून पुरी केली. ते छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.

त्या नऊ महिन्यांबद्दल मी फार बोलू शकत नाही. एकुलती एक लेक गेल्यावर ती आई पुन्हा मुद्रितांपाशी बसली, एवढं आपल्याला माहीत आहे.

निवृत्त होण्याच्या आधीच्या वर्षी एका रविवारी मी मुद्दाम केडगावला उतरले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. काही बघायला, विचारायला नव्हते गेले. मिशन अजून चालतं, तिथे आजही मुली आणि बायका राहतात, त्यांचं ते घर आहे. उगाच पाहुणी म्हणून आत शिरायचं मनाला येईना. फाटकाबाहेर थोडा वेळ उभी राहिले. आतून मुलींच्या गाण्याचा आवाज येत होता, भजनासारखी चाल, मराठी शब्द. सुट्टीच्या दिवशी ठरल्या वेळी घंटा झाल्यावर एवढ्या मुली एका सुरात येतात, त्यामागे कुणीतरी त्यांना रोज बसवलेलं असतं. परतीच्या शटलला वेळ होता. फलाटावर ‘केडगाव’ या पाटीखालच्या बाकावर बसून मी पिशवीतून स्लेट काढली आणि त्यांचं नाव लिहायला घेतलं.

भारती ब्रेलमध्ये ते सहा अक्षरांचं होतं. मात्रा वेगळी लिहावी लागते म्हणून. म, न, ओ, र, म, आ. म म्हणजे एक-तीन-चार. न म्हणजे एक-तीन-चार-पाच. ओ म्हणजे एक-तीन-पाच. र म्हणजे एक-दोन-तीन-पाच. पुन्हा म, एक-तीन-चार. आ म्हणजे तीन-चार-पाच. मिळून वीस टिंबं. उजवीकडून सुरुवात केली. मालगाडी धडधडत गेली, बाक हलला, पण लिहून झालं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो कागद मी तिच्यासमोर ठेवला. आता ती दहावीत होती. काही सांगितलं नाही. तिने डावा हात कागदाच्या कडेला ठेवून ओळ धरली आणि उजवी तर्जनी सरकवली. बोट मध्येच मागे आलं. पुन्हा सरकलं, पुन्हा मागे आलं.

“बाई, ममोरमा लिहिलंय.”

“नीट बघ.”

“बघितलं. दुसरं अक्षर पण म आहे. पाच नंबरचं टिंब उठलेलंच नाही.” मग जरा थांबून, “मनोरमा आहे का? कोण आहेत या?”

“सांगते. आधी ते दुरुस्त करू या.”

“द्या इकडे.” तिने कागद पालटला, बोटाने चाचपत स्लेटीत बरोबर त्याच घरावर बसवला, पट्टी दाबून बंद केली. उजवीकडून दुसरी चौकट मोजली, तिच्या डाव्या बाजूचं मधलं भोक स्टायलसच्या टोकाने शोधलं, आणि दाबलं. टक्क.